मुद्दाम उठवलेली धडधड

आमच्या घरात गाडी मी चालवते. शेळगावातून पेरूचे क्रेट भरायचे आणि उजाडायच्या आत पिकअप इंदापूरच्या मार्केटात लावायची, हे माझं काम. नवऱ्याचा हात मातीत चांगला चालतो, पण व्यापाऱ्यापुढं उभं केलं की तो दिलेल्या भावाला मान डोलावून येतो. म्हणून बाग त्याची आणि बाजार माझा, अशी वाटणी कधीचीच झालेली.

छातीत धडधड सुटायची ती मात्र कुणाला विचारून नाही. क्रेट उचलताना, लिलाव रंगात आलेला असताना, कधी नुसती चप्पल घालायला वाकले तरी. खटका दाबावा तशी सुरू व्हायची आणि तशीच एकदम थांबायची. डोळ्यांपुढं अंधारी यायची, हातपाय गळायचे. एकदा माल भरलेली गाडी मला रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. त्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, किल्ली काढून आपल्या बंडीच्या खिशात टाकली.

"डाक्टर म्हणंल बरी हाय, तवा गाडी. तोवर न्हाय म्हंजी न्हाय."

मी दोन दिवस त्यांच्याशी भांडले. खरं तर भीती मलाही वाटत होती, पण ती कबूल केली असती तर किल्ली कायमची गेली असती.

धडधड सुटली की नवरा मला बारामतीच्या दवाखान्यात घेऊन निघायचा. तिथं छातीला वायरी लावून कार्डिओग्रामची पट्टी काढायचे, आणि पट्टी दर वेळी नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका, ताई." मी टेन्शन घेणारी नाही, देणारी आहे, घरात कुणालाही विचारा. पण पट्टीपुढं माझं कोण ऐकणार? हळूहळू घरातही 'मनाचं हाय तिच्या' असं सुरू झालं. त्याचा मला धडधडीपेक्षा जास्त राग यायचा.

मग हृदयाच्या ठोक्यांचं बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई पुण्याहून तिथं येऊ लागल्या. त्यांनी पट्टी बाजूला ठेवली आणि विचारलं, "घरून निघाल्यापासून इथं येईपर्यंत काय काय करता?"

"काय करणार? लासुर्ण्याला रसवंतीवर थांबतो," मी म्हणाले. आबांचा दंडकच होता तसा. आजारी माणसानं कोरड्या तोंडानं दवाखान्याची पायरी चढायची नाही. बर्फ घातलेला उसाचा रस प्यायचा आणि मग पुढं.

बाई हसल्याच. अशी धडधड कधी कधी बर्फगार पिण्यानं मोडते म्हणाल्या. म्हणजे आम्ही चोर पकडायला निघायचो आणि वाटेत त्याला सोडून देऊन मोकळे!

पुढच्या वेळी धडधड सुटली तेव्हा नवऱ्यानं सवयीनं लासुर्ण्याला गाडी थांबवली आणि ग्लास घेऊन आला.

"घे, कमी हुईल."

"तेच नकोय मला. तुमी प्या आन् गाडी काढा."

"आगं, तोंड बघ कसं पांढरं पडलंय!"

"पडू द्या."

बारामतीपर्यंत मी दात आवळून बसले. छाती उडत होती, घाम फुटला होता, आणि मनात एकच, थांबू नकोस बये, दवाखाना येईपर्यंत थांबू नकोस. ती थांबली नाही. या वेळची पट्टी बघून बाई म्हणाल्या, "सापडली."

आता तपासणी करायची होती. हृदयाचे ठोके विजेवर चालतात, बाईंनी समजावलं. त्या विजेला एखादी आडवाट सापडली की ती तिथंच गोल गोल फिरत राहते.

"म्हंजी कुणीतरी आकडा टाकलाय," सोबत आलेले आबा म्हणाले. तारेवरून चोरून वीज घेणारे त्यांनी उभ्या जन्मात पुष्कळ पाहिले होते.

"तसंच समजा. तो नेमका कुठं टाकलाय ते शोधायचं आणि तेवढी जागा जाळून टाकायची. त्यासाठी आतून बारीक विजेचे झटके देऊन धडधड मुद्दाम उठवावी लागेल."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "बऱ्या माणसाला मुद्दाम आजारी पाडायचं? हे कुठलं शास्तर?"

"गाडीचा आवाज मेकॅनिकपुढं आला नाही तर तो काय दुरुस्त करणार?" मी म्हणाले आणि संमतीच्या कागदावर सही केली.

तपासणीची खोली गार होती. जांघेत भूल देऊन शिरेतून बारीक वायरी वर काळजापर्यंत सरकवल्या. मी जागी होते. यंत्रावरचा माणूस बाई सांगतील तसे झटके द्यायचा: काही ठोके सारख्या अंतरानं, मग एक अवेळी. छातीत कुणीतरी आतून टिचकी मारल्यासारखं वाटायचं आणि पुन्हा सगळं शांत. अंतर कमी केलं, वायरीची जागा बदलली. काही नाही.

"आज रुसलीय," बाई म्हणाल्या.

ती आलीच नाही तर वायरी निघणार, आणि मी होते तशी घरी जाणार. भर लिलावात न बोलावता येतेस आणि आज आवतण दिलं तर नखरे करतेस? मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. बाईंनी सलाइनमधून ठोके वाढवायचं औषध सोडलं, आणि पुन्हा टिचक्या.

खटका पडला.

"हीच! हीच ती!" मी ओरडले. हलायचं नाही म्हणून बजावलं होतं, तरी डोळ्यांतलं पाणी कानात उतरलं.

"दिसतेय आम्हाला, ताई," बाई म्हणाल्या. "मनाचं काही नाही हे."

त्याच विजेच्या टिचक्यांनी त्यांनी ती थांबवली. पुन्हा उठवली, पुन्हा थांबवली. असं करत आडवाट कुठून जाते ते त्यांनी हेरलं आणि वायरीच्या टोकानं तेवढीच जागा जाळली. छातीत जरा ऊब वाटली, एवढंच.

मग पुन्हा टिचक्या, आता येते का ते बघायला. आली नाही. थोडं थांबून आणखी दिल्या, तरी नाही.

"झालं, ताई. काढते वायरी."

"ते औषध सोडून बघितलं?"

"थोडं सोडून बघितलं. नाही आली."

"परत बघा."

"थकला असाल तुम्ही."

"बाई, मी भरली गाडी चालवते. समोर कुणाची लेकरं असतात. आणखी एकदा उठवा, जोर लावून उठवा."

त्यांनी यंत्रावरच्या माणसाला खूण केली. औषधानं ठोके जोरात पडू लागले. टिचकी, टिचकी, मग अवेळी एक, मग दोन. मी मुठी वळून वाट बघत राहिले. प्रत्येक झटक्यानंतर काळीज जरासं अडखळायचं आणि आपल्या वाटेला लागायचं.

अवेळी तीन दिले. तरी ते आपल्याच वाटेनं गेलं.

"आता काढा," मी म्हणाले.