एकाच होडीच्या दोन फळ्या

सेमारांगच्या बंदरामागे, जिथे नदी समुद्रात शिरायचा कंटाळा करते, तिथे आमची ताम्बाक मेलाती वस्ती आहे. भरतीचे पाणी दुपारी गल्लीत येते, उंबऱ्यापाशी थबकते, कधी आत येऊन चुलीजवळ बसते आणि आले तसे निघून जाते. जमीन खचते, म्हणून आम्ही भराव टाकून घरातली जमीन उचलत राहतो. छप्पर मात्र तिथेच असते. माझ्या लग्नातली निळी फरशी आता कुठल्या थराखाली आहे, हे आठवावे लागते. दारे इतकी बुटकी झाली आहेत की ताठ मानेने कोणी कोणाकडे जात नाही.

माझ्या समोरच्या घरात तुकिना राहते. वस्ती तिला यू तुकिना म्हणते. थोरल्या बहिणीला यू म्हणतात, पण तिच्याहून मोठी माणसेही तिला तसेच हाक मारतात. नदीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती नारळाच्या करवंट्यांच्या धुरावर पाकट भाजते. धूर धुराड्यातून वर जातो, दमून खाली येतो आणि पाण्यावर पसरतो. सकाळी त्या धुरात माणसे कमरेपासून वर तेवढी दिसतात. डोक्यावर टोपली घेतलेली तुकिना तेव्हा चालते की तरंगते, हे मला इतक्या वर्षांत कळलेले नाही. तोंड उघडले की मात्र तिचे पाय जमिनीवर असल्याची खात्री पटते.

"बाई, दाबून काय बघता? मासा आहे तो, नवऱ्याचे पाय नाहीत!"

तिचा नवरा सार्मुजी शिडाच्या होडीवर होता. शेजारचा कास्दुही त्याच होडीवर. दोघे मिळून समुद्रापलीकडच्या कालिमांतानचे लाकूड आणायचे, येताना एकाच ताटात जेवायचे, आणि गेलेही एकाच वर्षी. होडी तेव्हा मोडीत निघाली होती. मालकाने तिच्या दोन फळ्या दिल्या, त्याच दोघांच्या शेजारशेजारच्या कबरींच्या उशाला रोवल्या. वर पांढऱ्या रंगात नावे लिहिली होती. खाऱ्या वाऱ्याने ती दोन पावसाळ्यांतच खाल्ली.

पुढे कास्दुच्या बायकोने, सुवार्तीने, आपल्या अंगणात आधी भराव टाकला. एकाने अंगण उचलले की पाणी शेजाऱ्याकडे वळते, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक आहे. ते पाणी तुकिनाच्या घरात शिरले. तेव्हापासून दोघींत अबोला. नदीवर एक आली की दुसरी बादली अर्धी टाकून जायची.

तुकिनाचा आठवडा गुरुवारावर उभा होता. त्या दिवशी ती धुराचे कपडे बदलायची, केसांना तेल लावायची, केळीच्या पानात गुलाबाच्या पाकळ्या आणि मोगरा घेऊन कबरस्तानात सार्मुजीपाशी जायची. माझ्या आईची कबर मागच्याच रांगेत, त्यामुळे तिचे बोलणे वाऱ्याबरोबर माझ्याकडे यायचे. इतर दिवशी ती लोकांवर खेकसायची. गुरुवारी मात्र तिचा आवाज नव्या नवरीसारखा व्हायचा.

"ऐकलंस का? थोरलीला मुलगा झाला. नाक तुझ्यावर गेलंय, बिचाऱ्याचं! आणि ती शेजारीण, पुन्हा दोन गाड्या मुरूम आणला तिनं. तुझ्या दोस्ताच्या कबरीवर मात्र एक पाकळी दिसेल तर शपथ."

हे खरे होते. शेजारची कबर नेहमी बिनफुलांची असायची. संध्याकाळच्या भरतीबरोबर तुकिनाची फुलेही वाहून जायची, आणि कबरस्तान पुन्हा कोणाचेच नसल्यासारखे दिसायचे.

सुवार्ती फुले घेऊन शुक्रवारी सकाळी जायची, गुरुवार टाळून. परत येताना नळावर म्हणायची, "सार्मुजी अगदी उघडा पडलाय गं. बायको धुरात बसून बसून स्वतःच धूर झाली. तिला कुठली फुलं सुचणार?"

काही वर्षांनी एकदा, रोज्यांच्या आधीच्या महिन्यात, आम्ही कबरी उचलतो. घरांसारख्याच त्याही खचतात. सगळी वस्ती जमते, फळ्या आणि दगड उपटून ठेवते, माती टाकते आणि पुन्हा रोवते. बायका भात आणि तांदळाचे घावन आणतात. कबरस्तानाचे म्हातारे राखणदार, म्बाह दुल, एकेक फळी उचलून विचारतात, "हा कोणाचा?" ज्याचा असेल त्याने ओ द्यायची.

गेल्या खेपेला त्यांनी होडीच्या त्या दोन फळ्यांपैकी समुद्राकडची उचलली. "हा कोणाचा?"

"माझा सार्मुजी," तुकिना म्हणाली.

"माझा कास्दु," सुवार्तीही त्याच दमात म्हणाली.

आधी सगळे हसले. मग हसू विरले.

"डोळे फुटले का गं?" तुकिना इतक्या वर्षांनी तिच्याशी पहिल्यांदा बोलली. "चाफ्यापासून दुसरी कबर. दर गुरुवारी येते मी इथं."

"आणि मी दर शुक्रवारी. जागा काय बघतेस? फळी बघ. खालच्या अंगाला खिळ्याचं भोक आहे, ते माझ्या नवऱ्याचं."

म्बाह दुलनी दुसरी फळी उलटी केली. तिलाही भोक होते. "एकाच होडीच्या ना या," ते हळूच म्हणाले. "मागल्या वेळी, नावं नुकतीच पुसली होती तेव्हा, माती टाकत होतो आणि भरती लवकर आली. फळ्या बदकांसारख्या तरंगायला लागल्या. हाताला लागतील तशा रोवल्या मी. आणि यू, तो चाफा जुना नाही. जुना खाऱ्या पाण्यानं मेला. हा मी लावला. तिथंच लावला का, ते आता कसं सांगू?"

तुकिना मातीच्या ढिगावर बसली. पाणी कुंपणाखालून आत यायला लागले होते.

"म्हणजे आपण दोघी एकालाच फुलं घालत होतो," सुवार्ती म्हणाली.

"आणि एकाला कोणीच नाही."

 मग सुवार्तीने विचारले, "काय सांगायचीस गं त्याला?"

"तुझ्या चहाड्या. तू?"

"तुझ्याच."

"अरे देवा. जो कोण आहे त्याच्या कानांचं भुस्काट केलं की आपण!"

"आणि दुसरा मेला आरामात झोपला," सुवार्ती म्हणाली, आणि तोंडाला ओढणी लावून रडली. फळ्या कुठे रोवायच्या, म्हणून म्बाह दुल थांबून राहिले. दोघींपैकी कोणीच सांगेना, तेव्हा त्यांनी त्या आपल्या मनाने रोवल्या.

पुढच्या गुरुवारी मी आईच्या कबरीवर गेलो होतो. तुकिना आली. तेल लावलेले केस, हातात केळीचे पान. सवयीच्या कबरीपाशी ती क्षणभर थांबली, थोडी फुले तिथे ठेवली. मग शेजारच्या, इतकी वर्षे फूल न पाहिलेल्या कबरीजवळ जाऊन ओल्या मातीवर बसली.

"तू इथं असशील तर तुला काहीच ठाऊक नसेल," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगते. तू गेलास, त्यानंतर थोरलीचं लग्न झालं. जावई दिसायला यथातथा, पण कामाला चांगला आहे. मग घरात पाणी शिरलं..."

"पाणी आधी शिरलं," मागून आवाज आला. सुवार्ती शुक्रवारची वाट न बघता आली होती. "लग्नाला पाहुणे ओल्या खाटेवर बसले होते. मी खिडकीतून बघत होते."

"बघत होतीस ना? मग खाट द्यायची होतीस."

"मागितली होतीस?"

तुकिनाने वळून पाहिले नाही. फक्त थोडी सरकली आणि मातीवर जागा केली. सुवार्ती बसली. पाणी दोघींच्या पावलांपाशी आले, पाकळ्या उचलल्या गेल्या आणि दोन्ही फळ्यांच्या मधून संथ फिरू लागल्या.

"बरं," तुकिना कबरीला म्हणाली, "आधी पाणी शिरलं. मग लग्न झालं."