वरच्याचा शब्द

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला सांगीन सांगीन म्हणत राहिलो, आणि ती गेली. आज तुम्हाला सांगतोय ते धीर आला म्हणून नाही — काल भाऊबीज झाली, आणि आता हे पोटात राहत नाही.

शीतल माझी चुलत बहीण. मलकापूरजवळ आमचं शेत, शेतात खोल विहीर. तिला पोहायला मीच शिकवलं — पाठीला रिकामा डबा बांधून, काठावरून ढकलून. दोन उन्हाळ्यांत ती माझ्या पुढं गेली. मोटार दुरुस्त करताना काकांचा पाना विहिरीत पडला, तेव्हा मी दोनदा बुडी मारली आणि रिकाम्या हातानं वर आलो. मग ती गेली, ती येईचना. काकू काठावर रडायला लागल्या. शेवटी पाण्यातून आधी पाना वर आला, मागून शीतलचं तोंड. सगळे हसले. मीही हसलो — हसलो ना?

मोठी झाल्यावर तिनं मोबाइलवर एका श्वासात समुद्रात उतरणारी माणसं पाहिली. पाठीवर टाकी नाही, तोंडात नळी नाही. त्याला फ्रीडायव्हिंग म्हणतात, त्याचा कोर्स असतो, पुढं शिकवायची नोकरी लागते — सगळं तिनंच शोधून काढलं. काका म्हणाले, "पोरीले समुद्र कायले पाह्यजे?" मग एका अटीवर नरमले. दादा सोबत जाईल. दादा म्हणजे मी.

लोकांना वाटतं, ह्यात छाती लागते. पहिल्या पायरीवर पास व्हायला खरं काय लागतं, सांगू? पाण्यात पालथं पडून, हातपाय सैल सोडून दीड मिनिट श्वास धरायचा. पोहण्याच्या तलावाची एक लांबी पाण्याखालून काढायची. मग समुद्रात, बोयाला — पाण्यावर तरंगणाऱ्या फुग्याला — बांधलेल्या दोरीलगत डोकं खाली करून उतरायचं. नाक चिमटीत धरून कानांतला दाब पुन्हापुन्हा मोकळा करायचा. आणि ह्या सगळ्याहून मोठं — जोडीदाराला सांभाळायचं. एक खाली, एक वर. खालचा वर आल्यावरही काही वेळ त्याच्यावरून नजर काढायची नाही. कारण शुद्ध जाते ती बहुतेक वर पोचल्यावरच.

तलावात त्याची तालीम झाली. शीतल बेशुद्धीचं सोंग करायची. मी तिचं तोंड पाण्याबाहेर धरायचो, मास्क काढायचो, डोळ्यांवर फुंकर मारायचो — "शीतल, श्वास घे!" कोर्स शिकवणारे सर म्हणाले, "ज्याची शुद्ध जाते त्याला ते आठवत नाही. तो म्हणेल, मला काही झालंच नाही. म्हणून वरच्याचा शब्द शेवटचा."

ते मी ऐकलं. फार नीट ऐकलं.

समुद्रात माझे कान मोकळे होईनात. निम्म्या दोरीवरून परत, पुन्हा निम्म्यावरून परत. शीतल पहिल्याच दिवशी खालच्या खुणेला हात लावून आली. सर बोटीत सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला पुढच्या कोर्ससाठी इथंच ठेवून जा." आणि माझ्याकडे वळून, "तुम्हीच शिकवलंत ना हिला?" ह्यात टोमणा होता का? नव्हता. मला लागला मात्र.

दुसऱ्या दिवशी तिची परीक्षेची बुडी. वर मी. कोर्सातल्या एका बाईंच्या नाकातून रक्त आलं होतं. सर आमच्याकडे पाठ करून त्यांना सावरत होते. शीतल वर आली. बोया धरला, श्वास घेतला, मास्क काढला, बोटांनी खूण केली, "मी ठीक आहे" म्हणाली. सगळं नियमानं. आणि मग हसली — दादा, पाह्यलं का, असं.

मी ओरडलो, "सर, हिनं मान टाकली! झटका आला हिला!"

सर वळेपर्यंत मी तिच्या डोळ्यांवर फुंकर मारायला लागलो होतो.

"नाई सर, मले काही झालं नाई," ती म्हणाली. सर शांतपणे म्हणाले, "असंच वाटतं."

तिचं पाण्यात उतरणं बंद झालं. डॉक्टरांचं पत्र आणा, मग बघू. माझे कान त्यानंतर मोकळे झाले — कसे, ते विचारू नका. मी पास झालो.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "शीतल अशी काऊन बसली?" पाण्यात झटका आला, असं मी सांगितलं. तेवढं पुरलं. पोरीला फिट येते, हे गावभर झालं. अकोल्याला तिच्या डोक्याची तपासणी झाली, काही निघालं नाही. पण काही निघालं नाही, हे कोणाला ऐकायचं होतं? खामगावचं ठरत आलेलं स्थळ मोडलं. शेवटी जळगाव जामोदला एका बिजवराला दिली. सासू तिला न्हाणीचं दार आतून लावू देत नाही. पाण्याचं तर नावच नाही. आणि मी? मी बुलडाण्यात पोरांना पोहायला शिकवतो. जोडीदारावरून नजर काढू नका, म्हणून त्यांच्यावर ओरडतो.

ती शुद्धीत होती. क्षणभरही तिची शुद्ध गेली नव्हती. मी खोटं बोललो — घाबरून नाही, चुकून नाही. मीच शिकवलेल्या पोरीनं मला मागं टाकलं, हे घरी जाऊन सांगावं लागलं असतं, म्हणून.

काल ओवाळून झाल्यावर ती शेजारी बसली. तिच्या मुलीला पोहायला शिकायचंय. हळूच म्हणाली, "दादा, खरं सांगजो. मले त्या दिवसाचं सगळं आठवते. तू मले पाहून राह्यला होता, तुह्या मांगं सरची पाठ होती. मान टाकली असती, तर हे कसं आठवलं असतं?"

इतक्या वर्षांनी तिनं स्वतःच सगळं माझ्यासमोर आणून ठेवलं होतं. मी फक्त 'हाव, तुह्यं बरोबर आहे' म्हणायचं होतं.

"तुले नाई आठवणार," मी म्हणालो. "मी पाह्यलं नं."

ती मुलीला जवळ ओढून म्हणाली, "तुह्या मामानं वाचवलं मले त्या दिवशी. नाई तं मेलीच असती मी." आणि तिनं माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

मी ती खाल्ली.