लॅबवाल्याच्या मुठीतली नळी

माणसाचं जीवनमरण विधात्याच्या मुठीत असतं. नव्वदच्या दशकातल्या एका थंडीत, आळेफाट्याच्या दवाखान्यात, वडिलांचं ते लॅबवाल्याच्या मुठीत होतं. अत्यवस्थ वडिलांच्या रक्तात गुठळी होईल, अशी डॉक्टरांना भीती होती, म्हणून रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन चालू होतं. लॅबवाला रोज त्यांचं रक्त काचेच्या नळीत घ्यायचा, नळी मुठीत धरून ऊब द्यायचा आणि घड्याळ बघत दर मिनिटाला तिरकी करायचा. लवकर गोठलं की धोका. दोन दिवस चार मिनिटांतच गोठलं. तिसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं झाली तरी रक्त हलत होतं.

"इंजेक्शन लागू पडलं, पावणं," तो हसला. "रगत निवांत झालं. आता तुमीबी व्हा."

वडील आठवड्यात घरी आले.

मुठीतली ऊब माझ्या चहाच्या पेल्याची होती. तपासणीआधी लॅबवाला तो पेला हात शेकायला मागून घ्यायचा आणि रिकामा परत द्यायचा.