पाच जोड्या आणि एक गोलकीपर

दुष्काळात आमचा सहकारी साखर कारखाना बंद होता. त्याच्या गेटवर मी रोज बसची वाट बघायचो आणि तिथला वॉचमन मोबाइलच्या गेममध्ये फुटबॉलचा संघ चालवायचा. मैदानभर त्यानं खेळाडूंच्या पाच जोड्या लावलेल्या. रोज हरायचा, पण जोडी फोडायचा नाही. बघून माझंच डोकं फिरायचं.

शेवटी विचारलं, "असं काहून, मामा?"

"ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात, सर. येकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकट्याचं काम न्हाई त्ये."

"मग हा गोलकीपर?"

त्यानं स्क्रीनवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"त्यो अर्धा कोयता. बायको वारल्यावर मलाबी मुकादमानं तोडीला नेलं न्हाई. तवापून गेटवर हाय."