माधवनगरची पांढरी भिंत

साताऱ्याहून सकाळच्या एस.टी.त बसलो तेव्हा मांडीवर उसना कॅमेरा होता आणि डोक्यात एकच चित्रपट. माधवनगरच्या गिरणीत मागावर काम करणारे दगडूआप्पा आपल्याच घरच्या गोष्टी चित्रांत मांडत. रॉकेल संपले, बायको रुसली, जॉबरने (मागांवरच्या मुकादमाने) शिव्या घातल्या. सायक्लोस्टाईल केलेली ती निनावी पाने कामगारांच्या डब्यांतून लपतछपत फिरत. माझ्या हाती चारच आली, ती देणाऱ्या कामगाराने आप्पांचे नाव-पत्ता सांगितला आणि मी पार वेडा झालो. आप्पांचे साधे जगणे जसेच्या तसे पडद्यावर आणायचे! तसे कार्डही टाकले: ‘शुक्रवारी येतो. तुमच्या घराचा चित्रपट काढायचा आहे.’

कराडला चाक पंक्चर झाले. तेवढ्यात गरम भजी खाल्ली आणि तिखटाने डोळे पुसत बसलो. आष्ट्याजवळ उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला, तेव्हा शेजारच्या पटकेवाल्याने विचारले, “कुणाचा शिनेमा काडताय?”

“एका विणकराचा.”

“त्येनं काय क्येलंय?”

“काही नाही. रोजचंच जगणं.”

“मग आमचाबी काडा की!” तो हसला. मला तर तेच हवे होते.

आप्पांच्या दाराला तोरण होते. ते स्वतः लग्नातला कोट घालून उभे. आत चुन्याचा वास कोंदला होता.

“चित्रं कुठं आहेत, आप्पा?”

“कागद लोकांनी न्हेलं. आदी कोळशानं चुलीमागच्या भितीवर काडायचो, मग कागदावर. आठ वर्साचं समदं तितं हुतं.”

“होतं?”

“तुमचं कार्ड आलं आन् मीच चुना मारला. पावनं येणार, शिनेमा काडणार, मग घर काळं दावायचं व्हय?”

मी चुलीमागच्या भिंतीवर हात फिरवला; बोटांना नुसता चुना लागला. आप्पा मात्र कौतुकाच्या अपेक्षेने पाहत होते. “छान दिसतंय,” मी म्हणालो. त्यांच्या बायकोने चहा पुढे केला आणि हळूच म्हणाली, “आवं दादा, कालपास्नं सैपाकात ध्यानच लागंना. माजं रुसणं, हसणं समदं त्या भितीवर हुतं.”

आप्पा कोटाची बटणे लावून ताठ उभे राहिले. मी चित्रण केले. निघताना त्यांनी भडंगाची (मसालेदार चुरमुऱ्यांची) पुडी हातात कोंबली.

साताऱ्यात फिल्म धुऊन आली. पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे कोटातला कुणी अनोळखी गृहस्थ उभा आहे. मी ती कुणालाच दाखवली नाही. फार वाईट वाटते. न कळवता कुणाच्या दारी जाऊ नये, ही माझ्या आईची शिकवण. ती एकदा तरी मोडायला हवी होती.