मनगटावर आंबलेला वाळा

अत्तराच्या दुकानात काकूंच्या नाकापेक्षा त्यांच्या मनगटाला जास्त मान होता. बाटली नाकाशी धरून कोणीही 'वा' म्हणतं. पण तेच तेल अंगावर गेल्यावर दहा मिनिटांनी काय बोलतं, जेवणाच्या वेळेला काय बोलतं आणि दुकान बंद करताना त्याच्या तोंडात शब्द उरतो का, हे सांगायला कातडीच लागते. अठ्ठावीस वर्षं ती कातडी काकूंची होती. नवा माल आला की मालक काचेच्या काडीने एक थेंब त्यांच्या डाव्या मनगटावर टेकवायचे आणि काकू दिवसभरात चार-पाच वेळा हात नाकाशी नेऊन वहीत लिहायच्या.

वहीतली भाषा त्यांची स्वतःची. गुलाब: 'आधी साखरेच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखा. अर्ध्या तासाने देठ मोडल्यासारखा हिरवा. दुपारनंतर मऊ, धुतलेल्या अभ्र्यासारखा.' चंदन: 'तासभर तोंड उघडत नाही. घेणाऱ्याला सांगावं, घाई करू नका. चार वाजता बोलायला लागतं ते घरी जाईपर्यंत थांबत नाही.' ऊद: 'पहिली पाच मिनिटं गोठा आणि दवाखान्यातली पट्टी. पळून जाऊ नये. मग जळकी साखर, मग जुन्या चामडी बॅगेचं अस्तर. दुसऱ्या दिवशी आंघोळ करूनही हजर.' कस्तुरी म्हणून जे तेल विकलं जायचं त्याच्यापुढे फक्त एवढंच: 'इस्त्रीचे कपडे. लावणाऱ्याला येत नाही, शेजारच्याला येतो.'

समोरच्या गल्लीतला शिंपी तर बाटलीला हातही लावायचा नाही. खुर्ची ओढायचा आणि म्हणायचा, "काकू, आधी वही वाचा."

एका मंगळवारी वाळ्याचं नवं तेल आलं. माल भट्टीवाल्या बाबांचा. हे बाबा मालकांच्या वडिलांच्या काळापासून दुकानाला तेल पुरवत आलेले. त्यांचा वाळा म्हणजे माठाच्या बुडाशी ओलावा साठतो तसा थंड, मुळांचा, जरासा धुरकट. काकूंनी थेंब लावून घेतला, काचा पुसल्या, आणि वीस मिनिटांनी सवयीने हात वर नेला.

वास आंबूस होता. ओलं फडकं पिळून तसंच कोपऱ्यात टाकावं, तसा.

त्यांनी हात साबणाने धुतला, उजव्या मनगटावर थेंब लावला. पुन्हा तेच. मग त्यांनी वहीत लिहिलं, 'माल आंबला आहे', आणि मालकांना सांगितलं. मालकांनी स्वतः बाटली हुंगून पाहिली, खांदे उडवले आणि म्हणाले, "मला तर बरा वाटतोय. पण तुम्ही म्हणताय म्हणजे असणार." त्यांनी तिथल्या तिथे बाबांना फोन लावला. पलीकडून म्हातारा चढ्या आवाजात बोलत होता तो काउंटरपर्यंत ऐकू येत होता. "पन्नास वर्षांत माझा माल कोणी परत केला नाही!" शेवटी मालकांचाही पारा चढला. यापुढे माल पाठवू नका, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी काकूंनी चंदन लावलं. चंदन म्हणजे त्यांचा हुकमी एक्का, कधी दगा न देणारं. चार वाजता हात नाकाशी नेला, तर हातावर काहीच नव्हतं. नुसती कातडी, आणि तिच्या तळाशी तोच आंबूस धागा.

परत पाठवायला बाजूला ठेवलेल्या बाटलीतल्या वाळ्याचा थेंब त्यांनी कागदाच्या पट्टीवर टाकला आणि पाठमोऱ्या होऊन हुंगला. कागदावर वाळा अगदी वाळ्यासारखा होता. थंड, मुळांचा, धुरकट.

संध्याकाळी घरी नवरा जेवायच्या टेबलावर चष्म्याच्या काचा घासत बसला होता. चष्म्याच्या दुकानात तो काचा घासायचा आणि राहिलेलं काम घरी आणायचा. काकूंनी त्याच्या हातातली काच काढून बाजूला ठेवली.

"अहो, हात द्या जरा."

"पस्तीस वर्षांनी आज मागितलास?" तो हसून म्हणाला.

"गप्प बसा हो. हलू नका."

त्यांनी त्याच्या मनगटावर दुकानातून कुपीत आणलेला वाळा लावला आणि शेजारीच बसून राहिल्या. वीस मिनिटांनी त्यांनी त्याचा हात नाकाशी धरला. वाळा सुरेख बसला होता. इतका सुरेख की काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला वाटलं वास उग्र असेल.

म्हणजे नाक धड होतं. माल धड होता. बिघडलं होतं ते अंग.

यात रडण्यासारखं काय, असं दुसऱ्या कोणाला वाटलं असतं. पण काकूंना स्वतः एकोणीस वर्षांच्या असतानाची गोष्ट आठवत होती. त्यांची आई रोज आंघोळीनंतर कानामागे मोगऱ्याच्या तेलाचं एक बोट फिरवायची. एका वर्षी तो मोगरा तिच्या अंगावर आंबायला लागला. काकूंनी घरात सांगितलं, "आईचा वास बदललाय." सगळे हसले. थोरली बहीण म्हणाली, "हिचं नाक म्हणजे एक नसती ब्याद आहे." चार महिन्यांनी डॉक्टरांनी लिव्हरचं दुखणं सांगितलं, आणि पुढच्या आठ महिन्यांत आई गेली. त्यानंतर त्या वासाचा विषय घरात कोणी काढला नाही.

आता तोच वास काकूंच्या स्वतःच्या हातावर होता. नवऱ्याला त्यांनी यातलं अक्षरही सांगितलं नाही. त्याने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काही नाही, नवीन मालाचा अंदाज घेत होते."

पुढचे तीन आठवडे त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. घरात तीन तऱ्हेचे साबण आले. कांदा-लसूण सोडून पाहिला. आरशासमोर उभं राहून त्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पिवळेपणा शोधायच्या. कधी दिसतोय असं वाटायचं, कधी नाही. डॉक्टरकडे जावं हे दिवसातून दहादा मनात यायचं आणि दहादा त्या ते झटकून टाकायच्या. गेलं नाही तोवर काही झालेलं नाही, असा एक वेडा हिशोब त्यांच्या मनाने मांडला होता.

दुकानात मात्र थेंब रोज मनगटावर पडत होता आणि वही रोज पुढ्यात येत होती. काकू आठवणीतून लिहू लागल्या. अंबराचं नवं तेल आलं, त्यांनी गेल्या वर्षीच्या अंबराची ओळ जशीच्या तशी उतरवली: 'उन्हात ठेवलेली लाकडी पेटी. संध्याकाळपर्यंत टिकतो.' शिंप्याने ती ओळ ऐकली, मान डोलावली आणि अंबर घेऊन गेला. त्या दिवशी काकूंना जेवण गेलं नाही.

चौथ्या आठवड्यात शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका दुकानात आल्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांनी मोगऱ्याची कुपी काउंटरवर ठणकन ठेवली.

"तिसऱ्यांदा आलेय मी," बाई म्हणाल्या. "हे माझ्या अंगावर टिकत नाही. शिवाय आंबट येतं. मागच्या दोन्ही वेळेला तुम्ही मला काय सांगितलंत? मी मनगटं एकमेकांवर घासते म्हणून. मी घासत नाही. चाळीस वर्षं मुलांना 'नीट ऐका' सांगितलंय, मला सांगितलेलं ऐकू येतं."

एरवी काकूंनी गोड बोलून वेळ मारून नेली असती. त्या दिवशी त्यांनी काउंटरच्या बाहेर येऊन विचारलं, "बाई, हात बघू?"

बाईंच्या सुरकुतलेल्या मनगटावर त्यांनी नाक टेकवलं. मोगऱ्याच्या खाली तोच धागा होता. ओलं फडकं.

काकू मटकन शिंप्याच्या त्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या. बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं, आणि वर्गात एखादी मुलगी पांढरीफटक पडली की विचारावं तसं विचारलं, "काय झालं? मला काही भयंकर झालंय का?"

"तुम्हाला नाही," काकू म्हणाल्या, आणि मग एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर पडलं. वाळा, चंदन, आईचा मोगरा, वहीतल्या खोट्या ओळी. मालक आत गोदामात होते.

"डॉक्टरला दाखवलंत?" सगळं ऐकून झाल्यावर बाईंनी विचारलं.

"नाही."

"का?"

"भीती वाटते."

"वाटणारच. मला थायरॉईड निघाला तेव्हा मीही आठ दिवस कागद उघडला नव्हता." बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि पावतीच्या पाठीवर आपल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहिला. "उद्या सकाळी साडेनऊ. उपाशीपोटी यायचं. मी दारात उभी असेन, आणि मला वाट बघायला आवडत नाही."

काकू गेल्या. डॉक्टरीणबाईंनी डोळे, जीभ, पोट तपासलं, आईबद्दल विचारलं आणि रक्त काढायला लावलं. "वासाबद्दल मला छातीठोकपणे काही सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणताय ते हसण्यावारी नेण्यासारखंही नाही. रिपोर्ट तीन दिवसांनी येईल."

ते तीन दिवस सरता सरेनात. पहिल्या दिवशी काकूंनी घरातलं कपाट दोनदा आवरलं. दुसऱ्या दिवशी त्यांना एक गोष्ट टोचायला लागली, आणि ती आजाराची नव्हती. आपलं काही बरंवाईट झालं तर भट्टीवाले बाबा मरेपर्यंत समजणार की त्यांचा माल आंबला होता. त्या उठल्या आणि दुकानात जाऊन मालकांसमोर उभ्या राहिल्या.

"मालक, वाळा चांगला होता. माझा हात बिघडलाय. आणि गेल्या महिन्यातलं वहीतलं काही खरं नाही."

मालकांना क्षणभर कळेचना. कळलं तेव्हा ते लाल झाले. "काकू, म्हाताऱ्याला मी काय काय बोललो! तुमच्या एका शब्दावर! महिनाभर गप्प बसलात?"

"बसले. चूक झाली."

"आता मी कोणत्या तोंडाने फोन करू त्यांना?"

"तुम्ही नका करू. मी करते."

बाबांनी फोन उचलला. काकूंनी मान खाली घालून सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता. मग म्हातारा म्हणाला, "मी तो सगळा माल ओतून दिला, पोरी. माझंच नाक गेलं असं वाटून. भट्टी बंद करायचं चाललं होतं माझं."

"बाबा, नका करू बंद," काकू म्हणाल्या.

"बघतो," बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतो?"

"उद्या कळेल."

"मग उद्या मला कळव. वाळ्याचं नंतर बघू."

तिसऱ्या दिवशी बाई सोबत होत्याच. तपासणी केंद्राच्या खिडकीतून पाकीट मिळालं तेव्हा काकूंनी ते न फोडताच धरून ठेवलं; बाईंनीही फोडलं नाही, नुसतं त्यांच्या हाताखाली आपला हात धरला. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, आणि पहिलं वाक्य त्यांनी मुद्दाम हळू उच्चारलं. "लिव्हर उत्तम आहे." थायरॉईड मात्र फारच मंदावला होता. त्याने कातडी कोरडी पडते, घाम बदलतो. शिवाय पाळी जाण्याचं वय. रोज सकाळी एक गोळी, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.

"मग हात पूर्वीसारखा होईल?" काकूंनी विचारलं.

"कोरडेपणा कमी होईल. वासाचं वचन मी देत नाही."

बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "आता तरी हसा." काकू हसल्या. तिथूनच त्यांनी बाबांना फोन करून रिपोर्ट कळवला. पण इतके दिवस छातीत बसलेली भीती एका कागदाने उठून जाईल अशी नव्हती.

मालकांचा राग आठवडाभर टिकला. पण एका दुपारी ते आपणहून बाही वर करून काउंटरवर हात ठेवून बसले आणि म्हणाले, "लावा. माझ्या हातावर बघा. बाईंनाही बोलवा, त्यांच्या हातावर कसं बसतं तेही लिहा. कोरड्या कातडीची गिऱ्हाइकं काय कमी आहेत?" शिंप्याला काकूंनी अंबराचं खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "टिकला नव्हताच. मला वाटलं, मीच जास्त घाम गाळतो."

नवऱ्याला सांगायचं तेवढं राहिलं होतं. गोळ्यांची बाटली त्यालाच सापडली, चहाच्या डब्यामागे. काकूंनी सुरुवातीपासून सांगितलं. आईचा मोगरा त्याने पहिल्यांदाच ऐकला. तो ओरडला नाही. हातातली काच त्याने टेबलावर इतक्या सावकाश ठेवली की काकूंना तेच जास्त लागलं.

"त्या बाईंना सांगितलंस," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला सांगितलंस. आणि मी इथे हात पुढे करून बसलो होतो."

"तुम्हाला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं," काकू म्हणाल्या.

त्याने उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तीन महिने पुढचं पान उलटलं, तारखेभोवती पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, "उपाशीपोटी ना? किती वाजता निघायचं आपण?"