तिसऱ्या कडव्याची घाई नाही

आदरणीय प्रमिलाताई गावंडे यांची नि माझी ओळख माझ्या फजितीतून झाली. गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही हे मला कळते. पण गुळमुळीत लिहिले तर ताई पहिल्याच ओळीवर लाल रेघ ओढतील. सेलू तालुक्यातल्या माझ्या प्राथमिक शाळेचे स्नेहसंमेलन होते. मी हौसेने दोन मोठे स्पीकर आणले होते. पोरे तासभर सिनेमाच्या गाण्यांवर नाचली, पालकांनी शिट्ट्या मारल्या. निवृत्त शिक्षिका म्हणून ताई पाहुण्या आल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मी शाबासकी घ्यायच्या तयारीत उभा होतो.

"पोरं झकास नाचली सर," त्या म्हणाल्या, "पण गाणं कोण म्हटलं?"

मी स्पीकरकडे बोट दाखवले.

"मधल्या सुट्टीत तुमची पोरं काय गाऊन राह्यली, मालूम आहे का? उद्या कान देऊन ऐकजा."

दुसऱ्या दिवशी ऐकले. मोबाइलवरच्या कार्टूनचे एक गाणे आणि स्पीकरवर वाजलेली दोन, तीही अर्धीच. त्या रविवारी मी ताईंच्या बोरगाव मेघेच्या घरी जाऊन थडकलो आणि तेव्हापासून त्यांच्या मागे लागलो तो लागलोच.

ताईंचे काम सांगायला सोपे, करायला चिकाटीचे. स्कूटीवरून गावोगाव जायचे आणि म्हाताऱ्या माणसांना विचारायचे की तुमच्या घरी लेकरांसाठी काय गात होते. टाळ्यांची, मोजणीची, झोक्यावरची गाणी त्यांनी अशी मिळवली. फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या नव्या गायकांची बालगीतेही त्या हुडकतात. मात्र मिळाले की उतरवले असे नाही. प्रत्येक गाण्याची परीक्षा होते. ते वर्गात एकदाच म्हणायचे, अर्थ सांगायचा नाही, "छान आहे ना?" असे विचारायचे नाही. आठवडाभरात एखादे पोर हातपंपाशी किंवा खेळताना ते आपणहून गुणगुणले, तरच गाणे त्यांच्या लाल वहीत जाते. एकदा ताईंनी स्वतः रचलेले गाणे परीक्षेला बसवले. आठ दिवस कुणी त्याचे नावही काढले नाही. "मीच नापास झाली सर!" असे म्हणून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

सिनेमाच्या गाण्यांचा त्यांना राग आहे असे मात्र समजू नये. "पापड वाईट नाई, पण नुसत्या पापडावर जेवण होते का?" एवढेच त्यांचे म्हणणे.

त्यांची माणसे जपण्याची रीत मी सोनाआजींच्या अंगणात पाहिली. सोनाआजी मडावी आमच्या शाळेजवळच्या पाड्यावर राहतात. त्यांना एक गोंडी अंगाईगीत येते असे कळले. मी उत्साहाने मोबाइल पुढे धरला, तर आजींना ओळच आठवेना.

"पोरगं नाई तं गाणं कायचं?" त्या माझ्यावरच उखडल्या.

ताईंनी आजींच्या पणतूला उचलून आजींच्या मांडीवर दिले आणि गाणे सुरू झाले. पहिल्या कडव्यात बाप जंगलात जातो, दुसऱ्यात तो परत येताना नाल्यापाशी पोचतो. तेवढ्यात पणतू झोपला आणि आजी थांबल्या. मी म्हटले, "आजी, पुढचं?" त्या म्हणाल्या, "झोपला ना तो! आता कोणाले म्हणू?"

ताईंनी जराही आग्रह केला नाही. आम्ही चार फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक वेळी तो पठ्ठ्या दुसऱ्या कडव्यात घोरू लागला. पाचव्या वेळी त्याला दात येत होते. तो रडत राहिला आणि आम्ही दोघे निर्लज्जपणे खूश झालो. तिसऱ्या कडव्यात बाप टेंभरं, म्हणजे तेंदूची पिकलेली फळे, घेऊन घरी येतो. गाणे घेऊन ताई लगेच निघाल्या नाहीत. आधी त्यांनी ते आजींना ऐकवले, दुसऱ्यांना शिकवू का म्हणून विचारले. आजी मोबाइलला कान लावून म्हणाल्या, "हा माया आवाज होय का? बरा आहे की!"

ते गाणे ताईंनी माझ्या तिसरीच्या वर्गात म्हटले. आठवडा गेला, कुणी गुणगुणले नाही. एवढ्या खेपा घालून मिळवलेले गाणे, पण नियम म्हणजे नियम. ताईंनी ते वहीत घेतले नाही. त्यानंतर लगेचच त्यांच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि गाता आवाज गेला तो गेलाच. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिले, 'सोनाआजी थकल्या, माझा गळा गेला. मोबाइलात आहे, पण म्हणणारं कोणी नाही. ते गाणं आता संपलं.' ताईंना इतके खचलेले मी कधी पाहिले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात कविता नावाची माझी तिसरीतली विद्यार्थिनी धाकट्या भावाला घेऊन शाळेत आली. आई मजुरीला गेली होती. भाऊ किरकिरू लागला तशी तिने त्याला मांडीवर आडवे केले आणि सोनाआजींचे गाणे म्हणू लागली. मी विचारले, "हे कधीपासून म्हणतेस?"

"रोजच म्हणतो सर, घरी. शाळेत काऊन म्हणू? इथं कोण झोपते?"

मी कपाळावर हात मारला. पाळण्याचे गाणे आम्ही दोन शहाणे मधल्या सुट्टीत शोधत होतो! सोनाआजींनी तर पहिल्याच दिवशी सांगितले होते, पोरगं नाई तं गाणं कायचं!

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर कविता आणि तिने गाणे शिकवलेल्या चार मैत्रिणींना घेऊन मी बोरगाव मेघेला गेलो. हकीकत ऐकून ताईंनी लाल वही मागितली आणि गाणे तिच्यात लिहिले. मग खुर्चीत मागे टेकून, म्हणा, अशी खूण केली. मुली गाऊ लागल्या. बाप नाल्यापाशी आला आणि ताईंचा डोळा लागला. कविताने ओठांवर बोट ठेवले. गाणे तिथेच थांबले.

थोड्या वेळाने ताई जाग्या झाल्या. घोगऱ्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात त्यांनी विचारले, "टेंभरं आली का?"

"नाई ताई," कविता म्हणाली, "तुमी झोपल्या ना! आता पयल्यापासून."

ताईंना पंचाहत्तरावे वर्ष लागले. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि अशी निवांत झोप रोज लागो. गाणे पहिल्यापासून म्हणायला पोरी तयार आहेत. टेंभरं घेऊन येणाऱ्या बापाने अजून खूप वर्षे नाल्यापाशी थांबावे. आम्हाला कुणालाच घाई नाही.